दोन नऊवारींचा घेर

खूप महिन्यांनी लिहितेय. ब्लॉगचा पासवर्डच विसरले होते, शेवटी लेकीने व्हिडिओ कॉलवर बसून रीसेट करून दिला आणि वर ऐकवलं की आई तू आता नुसती फॉरवर्ड करतेस, लिहीत नाहीस. तर घे बाई, लिहिलं. विषय एका झाडाचा आहे आणि ते झाड इंदूरात मी तरी कुठे बघितलेलं नाही, आपल्याकडच्या मे महिन्यात ते तग धरेल असं वाटतही नाही. इंग्रजीत त्याला यू म्हणतात. आत्याला फोनवर पहिल्यांदा दाखवलं की "आत्या, हे बघ यूचं झाड", तर म्हणाली, "माझं कुठून आलं तिकडे?"

या आत्यापासूनच सगळं सुरू झालं. माझ्या बाबांची धाकटी बहीण, लग्न केलं नाही, रामबागेतल्या आमच्या जुन्या घरात पुढच्या खोलीत तिचं शिलाई मशीन आणि चाळीस वर्षं तिने ब्लाउज शिवले. गणपतीच्या आधी आणि लग्नसराईत तर पुढच्या खोलीत बसायला जागा नसायची. तिचं एक रजिस्टर आहे, म्हणजे बरीच आहेत, पण आम्ही सगळ्यांना मिळून "रजिस्टर" म्हणतो. डाव्या बाजूला नाव, मग उंची, छाती, कंबर, बाही, घेर, आणि शेवटच्या रकान्यात द्यायची तारीख. ज्या बायका वारल्या त्यांची मापंसुद्धा तिने खोडली नाहीत.

२०१६ च्या दिवाळीनंतर तिला ब्रेस्ट कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, मग किमो. आधी ते लाल रंगाचं औषध चार वेळा, केस त्यातच गेले, आणि मग दर आठवड्याला एक असं बारा आठवडे दुसरं औषध, पॅक्लिटॅक्सेल. मी सोबत जायचे. तिथे बसून काय करणार, फोनवर वाचायचं. नर्स आधी दोन-तीन इंजेक्शनं द्यायची, रिॲक्शन येऊ नये म्हणून, आणि मी वाचून आत्याला सांगितलं की हे औषध पाण्यात विरघळतच नाही, त्यामुळे ते एरंडेलापासून बनवलेल्या एका द्रवात आणि अल्कोहोलमध्ये विरघळवून देतात आणि रिॲक्शन बहुतेक वेळा त्या द्रवाचीच येते. आत्या डोळे मिटून पडली होती, तशीच म्हणाली, "लहानपणी आई नाक दाबून एरंडेल पाजायची, तेव्हा पण रिॲक्शन यायचीच."

आणि तेव्हाच वाचलं की हे औषध मुळात एका झाडाच्या सालीतून निघालं.

मला वाटलं आयुर्वेदवाल्यांचं फॉरवर्ड असेल. पण नाही, खरंच. १९६२ च्या ऑगस्टमध्ये आर्थर बार्कले नावाचा अमेरिकन सरकारी वनस्पतीतज्ज्ञ वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलात फिरत होता, कॅन्सरवर काही चालतंय का बघायला अमेरिकेत तेव्हा हजारो झाडापाल्यांचे नमुने गोळा करणं चालू होतं, त्यात त्याने पॅसिफिक यू नावाच्या झाडाची साल गोळा केली. ती साल नॉर्थ कॅरोलिनातल्या एका संशोधन संस्थेत मनरो वॉल आणि मनसुख वाणी या दोघांकडे गेली. दोघांनी त्यातला नेमका पदार्थ वेगळा काढला, त्याची रचना शोधली आणि १९७१ मध्ये छापली. नाव ठेवलं टॅक्सॉल, म्हणजेच आमच्या आत्याचं पॅक्लिटॅक्सेल.

आता हे मनसुख वाणी कुठले तर नंदुरबारचे! १९२५ चा जन्म, शिक्षण मुंबईला, मग अमेरिकेत पीएचडी. आपल्या सेंधव्याचा घाट उतरून पुढे गेलं की खानदेश, तिथला माणूस. कॅन्सरवरचं अजून एक औषध, कॅम्प्टोथेसिन, तेही याच जोडीने एका चिनी झाडातून शोधलं. २०२० मध्ये ते गेले, लॉकडाऊनच्या गडबडीत, मला तर कुठे ठळक बातमी वाचल्याचंही आठवत नाही. नंदुरबारच्या मिरचीचं नाव सगळ्यांना माहीत आहे, हे नाव किती जणांना माहीत असेल देव जाणे.

औषध काम कसं करतं ते मात्र मी आत्याला तिच्याच भाषेत सांगितलं आणि मला अजून त्याचा अभिमान आहे. पेशी एकाची दोन होते तेव्हा आत बारीक नळ्यांसारखे धागे उभे राहतात, ते गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढून नेतात आणि काम झालं की सुटून जातात. म्हणजे कच्चा टाका. पक्की शिलाई घालण्यापुरता घालायचा आणि मग उसवायचा. सदाफुलीपासून केलेली जी कॅन्सरची औषधं आहेत ती हा टाका घालूच देत नाहीत. टॅक्सॉल उलटं करतं, टाका उसवूच देत नाही. कच्चा टाका कायमचा बसतो, पेशी मधेच अडकते आणि मरते. हे १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या सुझन हॉर्विट्झ यांनी शोधून काढलं. आत्या म्हणाली, "म्हणजे शिकाऊ पोरींसारखं." तिच्याकडे शिकायला येणाऱ्या मुली कच्चा टाका काढायला विसरायच्या आणि मग ब्लाउज डोक्यातून जायचा नाही.

पण तेच धागे आपल्या मज्जातंतूंमध्येही असतात, सामान इकडून तिकडे न्यायला. त्यामुळे सातव्या-आठव्या डोसनंतर आत्याची बोटं बधिर झाली. मुंग्या यायच्या, कपाचा कान हातात आहे की नाही कळायचं नाही, सुईत दोरा ओवता येईना. चाळीस वर्षं जी बाई मशीनच्या सुईत न बघता दोरा ओवायची ती माझ्याकडे सुई घेऊन आली. त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन रडले हे आज पहिल्यांदा लिहितेय. डॉक्टर म्हणाले हळूहळू येईल. दीड वर्ष लागलं, करंगळ्या अजून पूर्ण आल्या नाहीत. असो. आत्या आहे, या श्रावणात अठ्ठ्याहत्तरची झाली, आणि माझ्या ड्रेसची फिटिंग चुकलीये असं काल म्हणाली.

बरं, तर झाड. मला त्या पॅसिफिक यूचं सगळ्यात काय लागलं माहितीये? अमेरिकेतले लाकूडतोडे त्याला कचरा झाड समजायचे. मोठमोठे फर आणि सिडार तोडायचे तेव्हा त्यांच्या सावलीत वाढलेलं हे बुटकं, वाकडं, हळू वाढणारं झाड मधे यायचं, त्याला भाव नाही, मग ढीग करून जाळून टाकायचे. आणि मग टॅक्सॉल चालतंय म्हटल्यावर त्याच झाडाच्या सालीसाठी धावाधाव. साल सोलली की झाड मेलं, आणि शंभर वर्षं जुन्या झाडाच्या सालीतून साधारण एका डोसपुरतं औषध निघायचं. १९९२ मध्ये अमेरिकेत अंडाशयाच्या कॅन्सरसाठी परवानगी मिळाली, दोन वर्षांनी ब्रेस्टसाठी, आणि मागणीच्या हिशोबाने पुरतील एवढी झाडंच नव्हती. त्या हिशोबाने आमच्या आत्यालाच किती झाडं लागली असती, तुम्हीच करा गुणाकार, मी एकदा केला होता, परत करवत नाही.

सुदैवाने तोवर फ्रान्समध्ये आणि अमेरिकेत लोकांनी दुसरा रस्ता काढला होता. युरोपातल्या यूच्या पानांमधून टॅक्सॉलचा अर्धवट सांगाडा मिळतो, तो प्रयोगशाळेत पूर्ण करायचा. पानं छाटली तरी झाड मरत नाही, परत फुटतं. इंग्लंडमध्ये मोठ्या बागांना यूची कुंपणं असतात, त्यांची छाटणीसुद्धा गोळा करून औषधासाठी पाठवली जायची. नंतर तर झाडाच्या पेशी टाक्यांमध्ये वाढवून औषध काढायला लागले. म्हणजे साल सोलण्याऐवजी कात्री लावायची. आत्याला हे लगेच पटलं.

आपल्याकडेही यू आहे, हिमालयात. गढवालमध्ये थुनेर म्हणतात, हिमाचलात रखाल. आम्ही चोपत्याहून तुंगनाथला गेलो होतो तेव्हा त्या जंगलात बरीच थुनेर आहेत म्हणे, पण मला तेव्हा काय माहीत, माझं सगळं लक्ष घोड्यावर आणि घोड्याच्या भावावर. तिथले लोक याची साल चहासारखी उकळून पितात, लालसर रंग येतो. (करून बघायला जाऊ नका, का ते पुढे सांगते.) टॅक्सॉल आल्यावर आपल्याकडच्या थुनेरचेही हाल झाले, पानं ओरबाडली, साल सोलली, अरुणाचलात फार. १९९५ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं आली आणि आता ते धोक्यात असलेल्या झाडांच्या यादीत आहे.

पुढचा भाग २०२३ चा. लेक-जावई स्लाउला राहतात, लंडनच्या बाजूला, तिथे इतके देशी लोक आहेत की पहिले चार दिवस मला वाटलं आपण परदेशात आलोच नाही. सप्टेंबरात गेले होते. जावईबापूंनी विचारलं, आई काय बघायचं, लंडन आय, राजवाडा? मी म्हटलं, यूचं झाड. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला, पण बिचाऱ्यांनी शोधून काढलं आणि निघालं काय तर घरापासून काही मैलांवरच इंग्लंडातलं एक सगळ्यात जुनं यू आहे, अँकरविक यू. रेझबरी गावाजवळ, थेम्सच्या काठी. पलीकडच्या तीरावर रनीमीडचं मैदान, जिथे १२१५ मध्ये इंग्लंडच्या राजाने मॅग्ना कार्टावर, म्हणजे राजाच्या सत्तेला बांध घालणाऱ्या सनदेवर, मोहोर उठवली. काहींचं म्हणणं की ते मैदानात नाही, या झाडाजवळच झालं. तेव्हासुद्धा ते झाड जुनं होतं! अंदाजे अडीच हजार वर्षांचं सांगतात.

चिखलातून चालत गेलो, जवळच जोगिणींच्या जुन्या मठाच्या दोन-तीन पडक्या भिंती, डोक्यावरून दर दोन मिनिटांनी हीथ्रोचं विमान. आणि मग ते झाड. उंच नाही अजिबात. मी उगाच उंच काहीतरी मनात धरून गेले होते. हे रुंद आहे. बुंधा असा की बरेच बुंधे पिळून एकत्र वितळलेत, तांबूस-जांभळा, मधे पोकळ, आत अंधार. फांद्यांना कोणीकोणी रंगीत फिती बांधलेल्या. मला एकदम वटपौर्णिमा आठवली, आणि बरं वाटलं की हे फक्त आपणच करत नाही.

तिथूनच आत्याला व्हिडिओ लावला. तिने सगळ्यात पहिलं काय विचारलं? "घेर किती?"

घेर साधारण आठ मीटर. आत्या थांबली, हिशोब केला, म्हणाली, "म्हणजे एक नऊवारी." बरोबर आहे, नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. एका नऊवारीत ते झाड बसतं आणि पदराचं टोक हातात उरतं. रजिस्टर उघडल्याचा आवाज मी फोनवर ऐकला.

मग मला नादच लागला. यूचं वय कसं काढतात हा खरा गमतीचा भाग आहे, म्हणजे नीट काढताच येत नाही. म्हातारं यू आतून कुजून पोकळ होतं, त्यामुळे मोजायला वर्तुळंच उरत नाहीत, सगळ्यात जुनं लाकूडच गेलेलं असतं. मग घेरावरून अंदाज. पण यू सरळ हिशोबाने वाढतही नाही, कधी शेकडो वर्षं जवळजवळ थांबतं आणि मग परत फुटतं. फांदी जमिनीला टेकली तर तिथे मूळ धरते. आणि पोकळ बुंध्याच्या आत वरून स्वतःचंच मूळ सोडतं, ते खाली मातीत जाऊन जाड होतं आणि पोकळीत नवा बुंधा तयार होतो. आपला वड पारंब्या बाहेर सोडतो, हे आतल्या आत. त्यामुळे "हे झाड पाच हजार वर्षांचं" असं कोणी छातीठोक सांगितलं की मी आता जरा हसते. दोन-तीन हजार म्हणणारेही जपून म्हणतात.

स्कॉटलंडमध्ये फॉर्टिंगॉल गावच्या चर्चबाहेर एक आहे, तिथे मी गेले नाही, लांब पडतं. १७६९ मध्ये डेन्स बॅरिंग्टन नावाच्या गृहस्थाने त्याचा घेर मोजला तो ५२ फूट. त्याच सुमारास थॉमस पेनंटने मोजला तर साडेछप्पन्न. आत्याच्या भाषेत, एकाच्या मते दोन नऊवारींना जरा कमी, दुसऱ्याच्या मते दोन नऊवारी पुरल्या नसत्या. दोन टेलरांची मापं कधी जुळली आहेत का! आज तो बुंधा असा अख्खा दिसतच नाही, मधला भाग संपला, कडेचे तुकडे वेगवेगळ्या झाडांसारखे उभे आहेत, आणि सांगतात की एके काळी गावातल्या प्रेतयात्रा त्या फटीतून जायच्या. लोकांनी आठवण म्हणून ढलप्या तोडून नेल्या म्हणून भिंत घालावी लागली. यूमध्ये नर झाड वेगळं, मादी वेगळं, फळं मादीलाच येतात, आणि हे फॉर्टिंगॉलचं नर. तर २०१५ मध्ये त्याच्या एका फांदीवर तीन लाल फळं सापडली! बाकी झाड नर, एक फांदी मादी. हजारो वर्षं एक काम केल्यावर माणसाला वाटतंच ना की जरा दुसरंही करून बघावं.

फळ म्हणजे खरं फळ नाही, बीभोवती लाल मऊ गर, वाटीसारखा. स्लाउला लेकीच्या घराजवळच्या कबरस्तानात एका झाडाला लगडले होते, फार गोड दिसतात. अख्ख्या झाडात तेवढा गर सोडला तर बाकी सगळं विष. पानं, साल, बी, सगळं. टॅक्सीन नावाचं द्रव्य असतं, ते थेट हृदयावर. गुरं-घोडी छाटलेला पाला खाऊन मरतात. पक्षी गर खातात आणि बी न फोडता टाकून देतात म्हणून त्यांना काही होत नाही. सीझरने लिहून ठेवलंय की एब्युरोन टोळीचा म्हातारा राजा कातिवोल्कस रोमनांशी लढायचं त्राण उरलं नाही तेव्हा यूचं विष घेऊन मेला. म्हणून म्हटलं चहा करून बघू नका.

हे असलं झाड चर्चच्या आवारात, मेलेल्यांच्या उशाशी का लावलं याची प्रत्येकाकडे वेगळी गोष्ट. कोणी म्हणतं गुरं कबरींमध्ये शिरू नयेत म्हणून, कोणी म्हणतं कायम हिरवं असतं म्हणजे अमरत्व, कोणी म्हणतं पाम संडेला, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, चर्चमध्ये लागणाऱ्या ताडाच्या झावळ्या कुठून आणणार, मग यूच्या डहाळ्या. आणि कोणी म्हणतं झाड आधीचं, चर्च नंतरचं, जुन्या लोकांची पवित्र जागा होती तिथेच नव्यांनी देऊळ बांधलं. हे शेवटचं सगळीकडे खरं असेल असं नाही पण मला ते मनापासून पटतं, कारण आपल्याकडे तरी दुसरं काय झालंय, आधी पिंपळ, मग शेंदूर फासलेला दगड, मग टाइल्स, मग देणगीदारांच्या नावांची पाटी.

उत्तर वेल्समध्ये लँगर्निव गावच्या यूची एक दंतकथा आहे ती आत्याला सांगू की नको असं दोन दिवस चाललं होतं माझं. तिथल्या चर्चमध्ये हॅलोवीनच्या रात्री एक आत्मा येत्या वर्षात गावातलं कोण कोण मरणार त्यांची नावं वाचून दाखवतो. गावात एक माणूस होता, शॉन ॲप रॉबर्ट, त्याचा यावर विश्वास नव्हता, पैज लावून रात्री चर्चला गेला आणि त्याला स्वतःचंच नाव ऐकू आलं. "थांब थांब, माझी अजून तयारी नाही" म्हणाला म्हणे, पण वर्ष संपायच्या आत गेला. आता धंद्याने तो कोण होता, तर शिंपी! शेवटी सांगितलं. आत्या इतकी हसली की ठसका लागला. "तयारी कशी असणार, लोकांचे कपडे पडले असतील ना अर्धे." आणि या इतक्या प्राचीन झाडाच्या बुंध्याच्या मधोमध नव्वदच्या दशकापर्यंत चर्चच्या हीटरची तेलाची टाकी ठेवलेली होती. मला ही टाकी त्या आत्म्यापेक्षा जास्त आवडली. अगदी आपल्यातलेच वाटले ते लोक.

लेकीने पोर्ट्समथला मेरी रोझ दाखवलं. १५४५ मध्ये बुडालेलं आठव्या हेन्रीचं जहाज, १९८२ मध्ये वर काढलं, त्यात शंभराहून जास्त धनुष्यं निघाली, यूची. यूचं लाकूड धनुष्यासाठी जन्मालाच आलेलं. बाहेरचं पांढरं लाकूड ताणलं जातं, आतलं तांबडं दाबलं जातं आणि परत उसळतं, एकाच फळीत दोन्ही. वरचं कापड आणि अस्तर एकाच ताग्यात विणून आलंय असं समजा. आल्प्समध्ये १९९१ ला बर्फात तो पाच हजार वर्षांपूर्वीचा माणूस सापडला, ओत्झी, त्याच्याजवळचं अर्धवट तासलेलं धनुष्यही यूचं. आणि इंग्लंडमध्ये क्लॅक्टनला १९११ मध्ये एका भाल्याचं टोक सापडलं, साधारण चार लाख वर्षांपूर्वीचं, तेही यू. चार लाख म्हणजे आपण माणूस म्हणतो तो नीट झालेलाच नव्हता, पण यूला टोक काढता येतं हे कळलेलं होतं.

इंग्रज राजांना इतकी धनुष्यं लागायची की १४७२ मध्ये कायदाच केला, बाहेरून माल घेऊन येणाऱ्या जहाजाने दर टनामागे धनुष्याच्या चार फळ्या आणायच्याच. व्हेनिसचे व्यापारी, ऑस्ट्रिया, बव्हेरिया, सगळीकडून यू तोडून इकडे यायचं. बंदुका आल्या तोपर्यंत तिकडच्या डोंगरातली सरळ, गाठी नसलेली झाडं जवळजवळ संपली होती. आणि इंग्लंडच्या कबरस्तानातली? ती बुटकी, पिळलेली, गाठीच गाठी, पोकळ. त्यांची चांगली धनुष्यं होईनात. जळणाला तोडायची तर पवित्र जागा. गुरांना खाऊ घालायची तर विष. म्हणून राहिली.

परतीच्या विमानात माझ्या डोक्यात हेच. यू जिथे जिथे कामाचं निघालं तिथे संपलं, जिथे कोणाच्याच कामाचं नव्हतं तिथे हजारो वर्षं उभं राहिलं. अमेरिकेत कचरा होतं तेव्हा निदान कोणी शोधत तरी येत नव्हतं. घरी येऊन आत्याला म्हटलं तर तिने पलंगाखालून चिंध्यांचा डबा ओढला. सगळ्यात खाली तिरके, कशातच न बसणारे तुकडे, त्यात माझ्या मुंजीतल्या... म्हणजे माझ्या भावाच्या मुंजीतल्या माझ्या परकराचा तुकडा होता, १९७९ चा. "चौकोनी तुकडे लगेच लागतात कुठेतरी, तिरके राहतात."

पण मग मी तिच्याकडे बघत बसले. झाड कामाचं निघालं म्हणूनच ही समोर बसून चिंध्या उपसतेय. हे दोन्ही एकदम खरं आहे आणि मला त्याची घडी काही नीट घालता येत नाही.

या श्रावणात आत्याला घेऊन मांडवगडला, म्हणजे मांडूला, गेलो. इंदूरवाल्यांना सांगायला नको, पाऊस पडला की निम्मं शहर तिकडेच, धारपासूनच ट्रॅफिक. तिथे गोरखचिंच आहे, मांडूची इमली किंवा खुरासानी इमली म्हणतात ती, आफ्रिकेतलं बाओबाब. सुलतानांच्या काळात अरब व्यापाऱ्यांबरोबर आलं असं सांगतात. तेही यूसारखंच, पोट सुटलेलं, आतून पोकळ होणारं, वय कोणालाच धड सांगता न येणारं. लाकूड स्पंजासारखं, पाण्याने भरलेलं, ना दाराला ना खाटेला. कोणाच्या कामाचं नाही म्हणून राहिलं. आणि दोन-तीन वर्षांपूर्वी कोणाला तरी वाटलं की शोभेला छान दिसेल, तर अख्खी झाडं मुळासकट खणून हैद्राबादकडे न्यायला लागले, फांद्या छाटून, ट्रकवर आडवी. गावातल्या लोकांनी विरोध केला तेव्हा पेपरात आलं. शोभा हासुद्धा उपयोगच की.

आत्याने पिशवीतून आजीची नऊवारी काढली. जुनी, विटलेली, कॉटनची. मी म्हटलं आत्या लोक बघतायत, म्हणाली बघू देत. नवऱ्याने एक टोक धरलं, मी चिखलातून वळसा घालून दुसरं टोक घेऊन आले, रस्त्याकडेला चिंचा विकणारी बाई तिचं दुकान सोडून मधे साडी धरायला आली, ड्रायव्हर म्हणाला, "भिया, पूजा चल रही है क्या?" दीड हात कमी पडली. मग माझी ओढणी सेफ्टी पिनने जोडली.

त्या बाईकडून चार चिंचा घेतल्या, मखमली कवचाच्या, एक गाडीतच पान्याने फोडली. आत पांढरा आंबट गर. आत्याने तोंड वाकडं केलं आणि अजून मागितला.

घरी आल्यावर तिने रजिस्टर काढलं. अँकरविक, फॉर्टिंगॉल (त्यापुढे "दोन मापं, परत घेणे") आणि खाली आता "मांडव". घेराच्या रकान्यात नऊ वार दीड हात. अक्षर जरा हलतं तिचं अजून. द्यायच्या तारखेचा रकाना तिन्हींपुढे कोरा ठेवलाय.